शंभर दिवसांची पट्टी

रस्त्याच्या वळणावर टायरचं दुकान, पुढे शाळेची मागची भिंत, आणि दोहोंच्या मधे उरलेल्या लांबट तुकड्यावर वहिनीची रोपवाटिका. तिची एकटीची नव्हे, तिची आणि तिच्या नणंदेची. दोघींच्या मधला माणूस, एकीचा नवरा आणि दुसरीचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांमागे गेला. तेव्हा लोक म्हणाले, चार दिवस जमेल ह्यांचं, पाचव्या दिवशी भांडी आपटतील. भांडी आपटली, पोचे आले, पण रोपवाटिकेतल्याच दोन खोल्यांत चूल एकच राहिली.

कामाची वाटणी ठरलेली. नणंद डोळा भरायची, वहिनी पट्टी बांधायची. चांगल्या लिंबाच्या फांदीवरचा एक डोळा नखाएवढ्या सालीसकट अलगद उचलायचा, रानटी रोपाच्या, म्हणजे खुंटाच्या, सालीला चीर देऊन तिच्यात बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. इतकंच काम. पण शंभरातले नव्वद डोळे जगवायचे तर बोटात काहीतरी असावं लागतं, आणि ते नणंदेच्या बोटात होतं. पट्टी बांधली की एकवीस दिवस तिच्याकडे बघायचंही नाही. आत काय चाललंय म्हणून सोडून पाहिलं की वारा लागलाच, डोळा सुकलाच. काम करताना नणंद स्वतःशीच जुळवून गुणगुणायची,

डोळा गं भरीयेला, खुंट जोडला दुजाला
पट्टी नको सोडू बाई, वेळ लागतो रुजायला

सगळे डोळे एकाच झाडाचे. भिंतीशी उभं असलेलं बावीस वर्षांचं लिंबाचं झाड, दोघी त्याला आईझाड म्हणायच्या. ह्या लिंबाला पातळ साल, भरपूर रस, आणि बी जवळजवळ नाहीच. त्याच्या कलमांसाठी लोक लांबून यायचे. रोपवाटिका म्हणजे ते झाड, आणि झाड हलणारं नव्हतं.

जागा मात्र त्यांची नव्हती. म्हातारा जागावाला गेला आणि त्याचा मुलगा एक दिवस गाडीतून उतरून, बुटाला चिखल लागू न देता आत आला.

"मावशी, बाबांनी तुम्हाला इथं राहू दिलं, मी काय हाकलणार आहे थोडाच? पण मला जागा विकायचीय. आजच्या भावानं तीन वर्षं तुमच्यासाठी धरून ठेवतो. जमलं तर तुमची. नाही जमलं तर मी मोकळा."

"कागदावर देता?" वहिनीनं विचारलं.

"देतो की."

आणि दिलंही. माणूस शब्दाचा पक्का होता, हीच पुढे अडचण झाली.

जागेची किंमत शंभर धरली तर दोघींची आयुष्यभराची पुंजी साठ भरली. त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा नणंदेचा. तिनं लग्न केलं नव्हतं, दागिने केले नव्हते, कधी चार दिवस कुठे फिरायलाही गेली नव्हती. बँकेत ठेवून तीन वर्षांत साठाचे फार तर बहात्तर होणार होते. उरलेले अठ्ठावीस कुठून आणायचे, ह्याचं उत्तर चहाच्या कपात, झारीच्या तोंडात, कुठेच सापडत नव्हतं.

तेव्हा भूगोलाचे सर आले.

सर शाळेतून निवृत्त झालेले. दर दोन दिवसांनी एखादं रोप न्यायचे आणि एखादा देश ठेवून जायचे. कोणत्या देशात कोणती नदी, कुठे कॉफी, कुठे ताग, कुठे तांबं, सगळं तोंडपाठ. वहिनीची कुचंबणा ऐकली आणि रिकाम्या कुंडीवर बसून त्यांनी सुरुवात केली.

"वहिनी, मोठ्या देशांचे शेअर म्हणजे वाढलेली झाडं. आता अजून किती वाढणार? त्यांच्या खालोखाल उगवते देश. आणि अगदी शेवटी, ज्यांचे बाजार आत्ता कुठे माती फोडून वर येताहेत, ते सीमेवरचे बाजार. म्हणजे नुसती रोपं. अशा वीस-बावीस देशांतल्या बँका, सिमेंट, टेलिफोन असं सगळं एका टोपलीत घातलेलं असतं. टोपलीचा एक तुकडा तुम्ही फोनवरून घ्यायचा, नको झाला की विकायचा. ईटीएफ म्हणतात त्याला."

"रोपं," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. शेअर तिला कळत नव्हते, पण रोप कळत होतं.

नणंदेनं चाकू पुसला. "दुरून डोंगर साजरे, सर. आमच्या रोपाला मर लागली तर मी मुळाशी बोट घालून बघते. तुमचा ताग कुठे वाळतोय ते मला कोण सांगणार?"

"मी सांगेन की!" सर म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

दोन रात्री वहिनीनं विचार केला. तिसऱ्या सकाळी नणंद आपणहून म्हणाली, "घाल तुला घालायचे तर. माझेही घाल. आपली पोटं वेगळी नाहीत, पैसे तरी कशाला वेगळे?"

पहिल्याच दिवशी एक चटका बसला. बाजार उघडला तसं वहिनीनं फोनवर बटण दाबलं. पडद्यावर दिसत होता तो भाव एक आणि हातात पडला तो भलताच वरचा. सरांनी चष्मा कपाळावर नेला आणि बऱ्याच वेळानं त्यांना कळलं. ह्या टोपलीला गिऱ्हाईक कमी. विकणारा एखादाच, आणि 'मिळेल त्या भावाला घेते' म्हटलं की भाव त्याच्या जिभेवर. आपल्याला हवा तो भाव आधी लिहून मग थांबायला हवं होतं.

"म्हणजे सकाळी सकाळी पहिल्या भाजीवालीकडून घेतली," नणंद म्हणाली. "भवानीलाच ठकलो."

तरी पहिलं वर्ष गोड गेलं. वहिनीनं रिकाम्या ट्रेमधे एकेका देशाची चिठ्ठी खोचली आणि त्यात कसलंतरी बी पेरलं. नावं तिला उच्चारता यायची नाहीत, म्हणून ती झाली कॉफीवाला, तागवाला, तांबेवाला, समुद्रातलं टिकलीएवढं ते बेट. रोज सकाळी झारी घेऊन दोघी फिरायच्या.

"तांबेवाला कसा आहे?"

"वर आलाय दोन पानं."

"आणि तुझं बेट?"

"बेट रुसलंय. पाणी जास्त झालं वाटतं चहूकडून."

साठाचे एकाहत्तर झाले त्या दिवशी नणंदेनं आईझाडाच्या बुंध्याला हात लावून म्हटलं, "थांब गं, सोडवतो तुला." वहिनीनं पाहिलं आणि मान फिरवली. कुणाच्या आशेकडे फार रोखून पाहू नये, असं तिला वाटलं.

दुसऱ्या वर्षी पान फिरलं. कॉफीवाल्या देशात निवडणूक झाली, तागवाल्याचं चलन घसरलं. एकाहत्तरचे साठ, साठाचे बावन्न. वहिनी घाबरली नाही. रोपं सावलीतून उन्हात काढली की पहिले काही दिवस माना टाकतात, हे तिनं तीस वर्षं पाहिलेलं. माना टाकतात आणि मग खोड जाड होतं. तिनं दुकानाच्या गल्ल्यातलं होतं नव्हतं ते वर आणखी घातलं. सुकतंय म्हणजे पाणी हवं, एवढंच तिच्या हाताला ठाऊक.

मग एक दिवस सर आले ते कुंडीवर न बसता. टोपलीतला सगळ्यात मोठा देश तांबेवाला. त्याच्या सरकारनं ठरवलं होतं की बाहेरच्यांचे पैसे सध्या देशाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत.

"म्हणजे बुडाले?"

"बुडाले नाहीत. आत आहेत, बाहेर निघत नाहीत."

"सर, तुमचेही अडकले असतील ना?"

सरांनी हातातलं रोप या हातातून त्या हातात केलं. "माझे? माझी पेन्शन, वहिनी. मला कुठे परवडतंय असलं काही? मी आपला नकाशा बघणारा माणूस."

 तिथून वहिनीला फोनचा नाद लागला. पट्टी बांधताना एक डोळा फोनवर, पाणी घालताना एक डोळा फोनवर. दिवसातून चाळीस वेळा बघायची. आकडा तिच्या बघण्यानं हलत नव्हता, पण तिचा हात हलायला लागला. पट्टी सैल बसायची, कधी इतकी आवळली जायची की डोळा चेचायचा. त्या महिन्यात शंभरातली एकतीस कलमं जगली. नणंदेनं मेलेली एकोणसत्तर रांगेत मांडली आणि ओरडली नाही, हेच वहिनीला जड गेलं.

"भावजयबाई, इकडे बस," ती म्हणाली. "कलमाला एकवीस दिवस देतो ना आपण? हे मोठं कलम आहे, परक्या खुंटावरचं. ह्याला शंभर दिवस देऊ. शंभर दिवस बघायचं नाही. फोनमधलं ते काढून टाक. तुझी मुदत संपायला अजून सात महिने आहेत, शंभर दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही."

"आणि काही झालं तर?"

"तुझ्या बघण्यानं होणारं टळणार आहे का? हात बघ तुझा."

वहिनीनं हात पाहिला. मग सरांना बोलावलं आणि सरांनी फोनमधून ते काढून टाकलं. कंपनीची पत्रं कागदावर यायची, वहिनीनंच तशी मागितली होती. ती आता नणंद घेणार आणि कलमाच्या औषधाच्या रिकाम्या डब्यात न उघडता ठेवणार, असं ठरलं. भिंतीवर खडूनं रेघा ओढायच्या.

खरं सांगायचं तर ते शंभर दिवस बरे गेले. वहिनीला झोप लागू लागली. कलमं पुन्हा नव्वदीला आली. दोघी एकमेकींना टोमणे मारू लागल्या, म्हणजे घर ताळ्यावर आलं. अठ्ठ्याऐंशीव्या रेघेच्या दिवशी मात्र वहिनीला उगाच चुटपुट लागली. रोप मलूल पडण्याआधी एक दिवस त्याच्या पानाची लकाकी जाते, बघणाऱ्यालाच दिसते, तसं काहीतरी. ती डब्यापर्यंत गेली. नणंद आतून म्हणाली, "बारा राहिले गं." ती मागे फिरली.

शंभराव्या दिवशी सकाळी नणंदेनं डबा आणून दिला. आत चार पाकिटं. पहिल्या दोन पाकिटांत नेहमीचा हिशेब. तिसऱ्यात कंपनीनं लिहिलं होतं की पैसे घालणारे उरले नाहीत, टोपली परवडत नाही, सबब ती बंद करण्यात येत आहे. विकण्याचा शेवटचा दिवस अमुक. त्यानंतर तुकडा विकता येणार नाही, टोपलीतला माल जसजसा खपेल तसतसे पैसे मिळतील.

वहिनीनं भिंतीकडे पाहिलं. रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या. तो शेवटचा दिवस म्हणजे एकोणनव्वदावी रेघ.

चौथ्या पाकिटात फक्त एवढंच होतं की व्यवहार थांबले आहेत.

सरांना बोलावलं नाही. वहिनीनं पत्रावरच्या नंबरला फोन लावला. बाविसाव्या मिनिटाला एक मुलगी बोलली, गोड आणि घाईत.

"मॅडम, तुमचे पैसे बुडालेले नाहीत."

"अडकलेत," वहिनी म्हणाली.

"हो मॅडम. बरोबर."

"शेवटच्या दिवशी विकले असते तर?"

"तर त्या दिवशीचा भाव मिळाला असता." तिनं आकडा सांगितला. शंभरातले सेहेचाळीस. चारच दिवसांत खात्यावर.

"आणि आता?"

"छोटे देश आहेत ना मॅडम, विकत घ्यायला कोणी नसतं. सगळं नीट झालं तर दीड-दोन वर्षं. मोठा देश उघडला तर. अजून काही मदत करू शकते का?"

"नाही बाळा," वहिनी म्हणाली. "तू काय करणार?"

सेहेचाळीस हातात असते तर काय झालं असतं, हे तिनं त्याच दुपारी विचारून पाहिलं. जागावाल्याकडे गेली. त्याच्या बैठकीत पंखा फिरत होता, टेबलावर काचेखाली बापाचा फोटो.

"मावशी, अर्ध्याच्या जवळपास रक्कम असती ना, तरी मी अर्धा तुकडा तुमच्या नावे केला असता. मागचा, झाडाकडचा. देवाशपथ. पण नुसत्या कागदावर कसं करू? मलाही पुढे द्यायचेत. गाड्या धुण्याचं सेंटर काढणारा माणूस माझ्या दारात बसलाय. तुमची मुदत आहे तोवर मी त्याला थांबवलंय, एक दिवस आधी घेणार नाही. पण एक दिवस नंतरही थांबणार नाही."

"पैसे येणार आहेत हो."

"कधी?"

ह्या 'कधी'चं उत्तर देणारा देश नकाशावर होता, पण तिच्या ओळखीचा नव्हता. ती उठली.

संध्याकाळी दोघी कोथिंबीर निवडायला बसाव्यात तशा समोरासमोर बसल्या, मधे मात्र काही नव्हतं. नणंद आपल्या बोटांकडे बघत होती.

"एक विचारते," ती म्हणाली. "खरं सांगशील?"

"सांगते, वन्सं."

"मी तुला अडवलं नसतं, तू डबा उघडला असतास, तर विकलं असतंस का?"

वहिनीला तो अठ्ठ्याऐंशीवा दिवस लख्ख आठवला. डब्याचं गार झाकण, त्याच्यावर तिची बोटं. पत्र वाचलं असतं तर तिनं त्याच क्षणी विकलं असतं, चप्पल न घालता सरांच्या दारात धावली असती. मागचा अर्धा तुकडा, झाडाकडचा.

"नाही," ती म्हणाली. "मला कुठे अक्कल? आणखी पाणीच घातलं असतं मी."

नणंदेनं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका खोलीत झोपलेल्या बाईला दुसरीचं खोटं कळत नाही, असं होत नाही.

"बरं," ती म्हणाली. आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवसानंतर ती गुणगुणली नाही.

मुदत संपेपर्यंत रोपं विकली. गिऱ्हाइकांना कळलं होतं, ते थांबून थांबून भाव पाडायचे. "तुम्हाला तरी न्यायचीत कुठे ताई?" म्हणायचे, आणि ते खरं होतं. आईझाडाच्या फांद्या मागायला शहराबाहेरच्या मोठ्या रोपवाटिकेचा माणूस आला. डोळे तो नेणार होता आणि वहिनीला रोजंदारीवर ठेवणार होता. नणंदेला नाही. "आजी, आमच्याकडे आता मशीनवर कलमं होतात," तो म्हणाला. नणंदेची सोय चुलतभावाच्या सुनेकडे लागली, पोरं सांभाळायला. दोन गावं लांब. सर एकदा येऊन गेटाशी उभे राहिले. वहिनीनं त्यांना बसायला रिकामी कुंडी दिली. ते बसले, पण एकाही देशाचं नाव त्यांनी काढलं नाही. जाताना एका रोपाचे पैसे देऊ लागले, वहिनीनं घेतले.

कंपनीचा पहिला हप्ता आला तो मुदत संपल्यावर नवव्या दिवशी. शंभरातले तीन. बेट आधी खपलं होतं.

त्याच आठवड्यात जागावाला आला. ह्या वेळी त्याला चिखलाची पर्वा नव्हती, चिखल उरलाच नव्हता. जाळी उतरली होती, ट्रे गेले होते, खोल्या आणि झाड तेवढं उभं.

"मावशी, हे काढावं लागेल. मशीनवाला बोलावतो, पण तो मुळं अर्धी आत ठेवतो आणि मग फरशी उचलते, असं ऐकलं. तुमच्या ओळखीत कोणी आहे नीट काढणारा?"

वहिनीनं झाडाकडे पाहिलं. कोणतं मूळ भिंतीखाली गेलंय, कोणतं नळाकडे वळलंय, हे दोन माणसांनाच ठाऊक होतं.

"मशीनवाला किती घेतो?"

त्यानं सांगितलं.

"आम्ही काढू. त्याच्यापेक्षा कमी घेणार नाही. आणि फांद्या आमच्या."

"तुम्ही?" तो गडबडला. "अहो, तुम्ही कशाला…"

"कोणीतरी काढणारच आहे ना?"

 वहिनीला वाटलं, नणंद आतून बाहेर यायची नाही. पण ती आली. पदर खोचलेला, हातात करवत.  झाडाभोवती एकदा फिरली, डोळा भरायला फांदी निवडताना फिरायची तशीच. मग वरच्या फांदीकडे बोट केलं.

"आधी ती उतरव," ती वहिनीला म्हणाली. "बुंध्याला हात लावू नकोस एवढ्यात. अंगावर येईल."

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं मूळ निघालं. खड्डा दोघींच्या कंबरेएवढा होता. नणंद काठावर बसली होती, तळहाताला कापड गुंडाळून. जागावाला खिशातून फोन काढत आला.

"फार नीट केलंत हो. मावशी, मजुरी खात्यावर टाकू?"

वहिनी खड्ड्यातच उभी होती. तिनं हात वर केला.

"हातात दे," नणंद काठावरून म्हणाली. "आणि इथंच मोजून दे."